वीस वाक्यांच्या कागदावरचा थोरला मुलगा

प्रश्न थोडक्यात असा. जत तालुक्यातल्या एका गावचे, सध्या हिंजवडीत नोकरी करणारे ३१ वर्षांचे एक गृहस्थ लिहितात: कंपनीनं दोन दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळेला पाठवलं. तिथं 'मी कोण?' या प्रश्नाची वीस उत्तरं लिहायला सांगितली. त्यांनी लिहिलं, मी अण्णांचा थोरला मुलगा, दोन भावंडांचा दादा, अमक्या गावचा, घरातला पहिला इंजिनिअर. प्रशिक्षकानं तो कागद सगळ्यांसमोर वाचला आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात? या तर सगळ्या भूमिका झाल्या." पुढच्याच आठवड्यात घरून फोन आला, दुसऱ्या बोअरसाठी कर्ज काढ म्हणून. पहिल्या बोअरचं कर्ज अजून फिटायचं आहे. त्यांनी कार्यशाळेत शिकवलं तसं उत्तर दिलं, "माझ्याही काही बाउंड्रीज आहेत." चार महिने झाले, वडील फोनवर येत नाहीत. ते विचारतात, "हा माझा विकास झाला की मी कुणाचाच राहिलो नाही? संस्कारांतून घडलेला मी खरा, की ते बाजूला काढल्यावर उरणारा?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चार महिने तुम्ही जी गोष्ट मनाला लावून घेतली आहे, ती आधी मोकळी करते. तुमची उत्तरं चुकीची नव्हती. त्या कागदाचा जो अर्थ तुम्हाला सांगितला गेला, तो चुकीचा होता. गेली २६ वर्षं मी समुपदेशन करते, कॉलेजांत आणि कंपन्यांत कार्यशाळाही घेते. हाच कागद मीही कितीतरी वेळा वाटला आहे, म्हणून त्याची मूळ हकिकत मला ठाऊक आहे.

मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या दोघांनी १९५४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ही चाचणी मांडली. २८८ विद्यार्थ्यांना त्यांनी वीस कोऱ्या ओळी दिल्या आणि बारा मिनिटं दिली. आलेल्या उत्तरांचे दोन गठ्ठे केले. एकात कुणालाही अर्थ विचारावा न लागणारी उत्तरं: विद्यार्थी, मुलगी, नवरा, शिकागोचा, अमक्या पंथाचा. दुसऱ्यात ज्यांचा अर्थ सांगणाऱ्याला विचारावा लागतो अशी: आनंदी, कंटाळलेला, जरा जाड. त्यांना असं दिसलं, की मुलं बहुतेक करून पहिल्या गठ्ठ्यातली उत्तरं आधी संपवतात आणि मगच दुसऱ्याकडे वळतात. आपला 'मी' समाजातल्या आपल्या जागेला घट्ट बांधलेला असतो, हेच त्यांना त्यात महत्त्वाचं वाटलं. पहिल्या गठ्ठ्यासाठी त्यांनी जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत 'घरातलं थोरलं मूल' हेही एक आहे. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी आयोवातल्या मुलांनी जे लिहिलं, तेच तुम्ही लिहिलंत. माणूस कशाकशाला बांधलेला आहे हे पाहण्यासाठी केलेला कागद तुमच्या हातात ती बांधणी सोडवण्यासाठी दिला गेला.

प्रशिक्षकाच्या डोक्यात बहुधा कांद्याचं चित्र असावं. एकेक साल काढत जा, आत गाभा सापडेल, तो म्हणजे खरे तुम्ही. हे चित्र जगात सगळीकडे असं नाही. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली एक लेख लिहिला, तो आमच्या विषयात मैलाचा दगड मानतात. त्यांचं म्हणणं असं, की काही समाजांत माणूस स्वतःकडे इतरांपासून सुटा, आपल्या गुणांनी भरलेला म्हणून बघतो; काही समाजांत नात्यांच्या जाळ्यातली एक गाठ म्हणून बघतो. पुढे या मांडणीवर बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती, कारण कुठलाही माणूस पूर्ण एका बाजूचा नसतो. तुम्ही ऑफिसात एका तऱ्हेनं 'मी' असता आणि गावच्या जत्रेत दुसऱ्या. पण गाठ सोडवली तर आत काही सापडत नाही, नुसता दोरा उरतो, एवढं तरी त्यातून समजून घ्यावं. त्या दिवशी तुम्हाला जे रितेपण वाटलं ते तुमच्या आत काही नाही म्हणून नव्हे. शोधायला सांगितलं ते चुकीच्या जागी.

आता एक गोष्ट विचारते. ती वीस वाक्यं तुम्ही इंग्रजीत लिहिलीत का? मला वाटतं हो. मराठीत लिहून बघा, वेगळं काहीतरी हाताला लागेल. आपल्या भाषेत मला राग येतो, मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला आठवण होते. या वाक्यांत कर्ता मी नाहीच. राग येतो, तो माझ्याकडे येतो. मात्र ठरवतो मी, जातो मी, कर्ज काढतो मी. आणि 'आपण' हा शब्द घ्या. 'आपण जाऊया' म्हणजे तू आणि मी. 'आपण बसा' म्हणजे समोरचा, मानानं. 'ज्याचं त्यानं आपलं आपण बघावं' म्हणजे स्वतः. आणि कट्ट्यावरचा पोरगा छाती काढून म्हणतो, 'आपण नाही घाबरत कुणाला', तिथं तर तो निव्वळ 'मी' असतो. स्वतः, समोरचा आणि दोघं मिळून, या तिन्हींसाठी एकच शब्द आपण बिनदिक्कत वापरतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. भाषा अशी आहे म्हणून आपण तसेच आहोत, असा मोठा सिद्धान्त मला त्यावरून काढायचा नाही. पण समोर बसलेला माणूस 'आपल्या घरात' म्हणतो, 'आमच्या घरात' म्हणतो की 'त्यांच्या घरात', इकडे माझा कान कायम असतो. 'आमच्या'त ऐकणारा बाहेर राहतो. 'त्यांच्या'त बोलणारा स्वतःच बाहेर पडलेला असतो. तुमच्या पत्रात सुरुवातीला सगळीकडे 'आमच्या घरी' आहे. बोअरचा फोन येऊन गेल्यावर तुम्ही दोन ठिकाणी 'त्यांच्या घरी' लिहिलं आहे. ते तुमच्या लक्षात आलं होतं का?

मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा एका तुर्की मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामात आहे. चिदेम काआत्चबाशे त्यांचं नाव, २०१७ साली त्या गेल्या. त्यांनी म्हटलं, आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतोय. जवळ असणं की दूर असणं, हा एक प्रश्न. आपल्या मर्जीनं चालणं की दुसऱ्याच्या हुकमानं, हा दुसरा प्रश्न. माणूस जवळ राहून स्वतंत्र असू शकतो, आणि दूर राहून गुलामही असू शकतो. १९८२ ते १९८६ या काळात त्यांनी इस्तंबूलमधल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या आयांबरोबर काम केलं. मूल आपल्याजवळ हवं आणि ते आज्ञेतही हवं, या दोन्ही गोष्टी त्या बायकांना एकच वाटत होत्या. मुलाला स्वतःचं ठरवू दिलं तरी ते आपलंच राहतं, हे त्यांच्याबरोबर बसून हळूहळू उलगडत न्यावं लागलं. काआत्चबाशेंचं आणखी एक निरीक्षण तुमच्या घराला थेट लागू पडतं. कुटुंब शिकलं, शहरात गेलं, हातात पगार आला की म्हातारपणी मुलांच्या पैशावर अवलंबून राहण्याची गरज कमी होते. मायेची ओढ मात्र तशी कमी होत नाही.

हे वाचल्यावर तुमच्या बाबतीत दोन माणसांची एकच चूक माझ्या डोळ्यांपुढे येते. प्रशिक्षकाला वाटलं, स्वतंत्र व्हायचं तर दूर व्हावं लागतं. अण्णांना वाटलं, जवळचा असेल तर ऐकेलच. दोघंही जवळीक आणि हुकूम एकाच दोरीत ओवतात, फक्त टोकं वेगळी धरतात. आणि मधे तुम्ही.

आपल्याकडे हे दोन प्रश्न वेगळे असल्याचं लख्ख दिसतं ते १८८२ सालच्या पुण्यात. पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी आर्य महिला समाज काढला. सभांना येणाऱ्या बायकांत न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई होत्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आल्या, नवऱ्यानं शिकवलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यापायी त्यांना घालून पाडून बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. त्या उलटून बोलल्या नाहीत, घर सोडलं नाही, आणि शिकणंही सोडलं नाही. पुढे वैधव्य आल्यावर, १९०९ साली, त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. दुसऱ्या रमाबाईंची वाट निराळी. त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या, ख्रिस्ती झाल्या, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, आणि ज्या पुण्यानं डोक्यावर घेतलं होतं त्यातल्या अनेकांनी पाठ फिरवली. पण धर्म बदललेल्या या बाईंनी मराठी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, आणि शेवटची वर्षं संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. एक आत राहून स्वतःची झाली, एक बाहेर पडून. संस्कृती दोघींनी टाकून दिली नाही आणि दोघींनी ती जशीच्या तशी घेतलीही नाही. तरुण मुलींशी बोलताना मी या दोघींची नावं नेहमी बरोबर घेते, कारण कुठली तरी एकच सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं तीच एक वाट आहे.

इथं थोडं थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी. 'आपली संस्कृती' या शब्दातला 'आपली' सगळ्यांना सारखा लाभत नाही. वीस वाक्यांच्या कागदावर पहिली ओळ स्वतःच्या हातानं लिहायची मुभा ज्यांना कधी मिळालीच नाही, ज्यांची पहिली ओळ गावानं आधीच लिहून ठेवलेली असते, असे विद्यार्थी माझ्यासमोर बसले आहेत. नाव सांगितल्यावर समोरचा आडनाव विचारतो, आणि आडनावानंतर त्याचा आवाज बदलतो, हे त्यांनी मला सांगितलेलं आहे. त्यांना 'मुळांशी जोडून राहा' म्हणणं क्रूरपणा आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. मधे एकवीस वर्षं गेली. या काळात ते वाचत होते, तोलत होते, लोकांशी बोलत होते. आणि दीक्षा घेतली ती एकट्यानं नाही, लाखो माणसांबरोबर. नकाराचं याहून मोठं उदाहरण माझ्यापाशी नाही. तोसुद्धा माणसं तोडून दिलेला नकार नव्हता. माणसं जोडून, जुन्या घराच्या जागी नवं घर बांधून दिलेला नकार होता. म्हणून कुणी मला विचारलं की संस्कृती बदलता येते का, तर मी म्हणते येते, पण दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः एक चूक केली, तीही सांगते. एक मुलगी यायची, घरच्यांच्या सततच्या विचारपुशीनं गुदमरलेली. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील सोडते. मी नवी होते, पुस्तकं ताजी होती. तिला मी वेगळं राहायला सुचवलं. ती राहिलीही. तीन महिन्यांनी परत आली ती जास्त खचून. खोलीत कुणी विचारणारं नव्हतं, पण डोक्यातले प्रश्न तिथंही तिच्याबरोबरच गेले होते: उशीर का झाला, कुणाबरोबर होतीस. अंतर वाढलं होतं आणि मर्जी होती तिथंच राहिली होती. त्यानंतर 'आधी बाहेर पड' हे मी फक्त एकाच प्रकारच्या घराबद्दल म्हणते: जिथं मार आहे, कोंडणं आहे, जिवाची भीती आहे. तिथं मात्र क्षणभरही थांबू नये, नात्याची चर्चा नंतर. तुमचं घर त्यातलं नाही.

मग त्या कार्यशाळेनं तुम्हाला एवढं पकडलं का? माझा अंदाज असा, की कित्येक वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तुम्हाला 'तुझं काय?' असं विचारलं. थोरल्या मुलाला हे कुणी विचारत नाही. पूर्वी आपल्या संस्कृतीत अशा बोलण्याच्या जागा होत्या, फक्त त्यांना कुणी व्यक्तिमत्त्व विकास म्हणत नसे. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवीतून सासरचं, माहेरचं, नवऱ्याचं, पोटच्या लेकीचं सगळं बोलून घ्यायची. समोर सासू झोपलेली असली तरी ओवीला कुणी अडवत नसे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढ्या बायका 'मी' म्हणत होत्या, आणि तेही घराच्या मधोमध बसून. गिरणी आली, कष्ट वाचले, ते उत्तमच झालं. पण बोलायची ती जागा गेली. पुरुषांना तर ती जागा मुळातच तुटपुंजी: पार, भजनी मंडळ, वारीच्या वाटेवरची सोबत. हिंजवडीत तुमच्याकडे यातलं काहीही नाही. म्हणून दोन दिवसांची ओळख असलेल्या माणसाचा शब्द तुमच्यावर एवढा चढला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त त्याच्या एका वाक्यावर घराचा निकाल लावू नका.

आता करायचं काय.

तो कागद पुन्हा काढा आणि मराठीत लिहा. 'मी थोरला मुलगा आहे' एवढ्यावर थांबू नका, पुढे लिहा, 'म्हणून मी काय करतो'. धाकटीची फी भरतो. गणपतीला जातोच. अण्णांना दवाखान्यात नेतो. बोअरचे हप्ते भरतो. मग प्रत्येक ओळीपुढे स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे कुणी मागितलं नसतं तरी मी केलं असतं का? काही ओळींना लगेच हो येईल. त्या ओळी तुमच्या आहेत, त्यांना भूमिका म्हणून कुणी सोलून काढू शकत नाही. काहींना 'लोक काय म्हणतील' एवढंच उत्तर येईल, त्या वेगळ्या ठेवा. आणि काही ओळींपाशी तुम्ही अडून बसाल. खरं काम तिथं आहे. माझ्या अनुभवात त्या तीन-चारच असतात, आणि त्यांना आठवडे लागतात.

मग बोअर. नकार कर्जाला होता की अण्णांना? तुमच्या मनात तो कर्जाला होता, फोनवर तो अण्णांना पोचला. त्याला कारण तो शब्द. 'बाउंड्री' म्हटल्यावर त्यांना क्रिकेट आठवलं असेल नाहीतर कंपाउंडची भिंत. त्यांच्या आयुष्यात सीमेसाठी शब्द आहे, बांध. बांध म्हणजे काय हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. बांध असतो म्हणून दोन भावांची शेतं शेजारी शेजारी नांदतात. त्याच बांधावरून दोघंही ये-जा करतात, त्यावरच्या झाडाच्या सावलीत दोघंही भाकरी सोडतात. बांध कोरला की भांडण लागतं, आणि बांधच नसला की भाऊबंदकी कोर्टात जाते. तुम्हाला म्हणायचं होतं ते हेच. तेव्हा त्यांच्या भाषेत सांगा: पहिलं कर्ज फिटेपर्यंत दुसरं माझ्या नावावर नको, हा माझा बांध. त्याच्या अलीकडे जे आहे तेही आकड्यात सांगा. महिन्याला अमुक इतके पैसे मी न चुकता पाठवीन, किंवा नव्या बोअरआधी भूजल सर्वेक्षणवाल्यांकडून जागा तपासून घेऊ, त्याचा खर्च माझा. 'बघू', 'जमेल तसं' हे शब्द नकोत, त्यांनीच घरं कडू होतात. आणि ऐकल्यावर अण्णा चिडले तर चिडू द्या. त्यांना राग येईल, तसा तो जाईलही. राग येऊ नये अशी व्यवस्था करत बसलात तर पुन्हा कर्ज काढाल.

फोनवर हे बोलू नका. सणाच्या दिवशी नको, चार पाहुणे बसलेले असताना तर मुळीच नको. पाहुण्यांदेखत बापाला माघार घेता येत नाही. शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघा, सकाळी त्यांच्याबरोबर रानात जा. पहिला तासभर पहिल्या बोअरचं पाणी किती चालतं एवढंच विचारा. शेजारी शेजारी चालताना पुरुषांना जे बोलता येतं ते समोरासमोर बसून येत नाही, हे मी इतक्या बापलेकांत पाहिलं आहे की त्याबद्दल मला आता शंका उरलेली नाही.

एक राहिलं. एवढ्या लांब पत्रात आईचा उल्लेख फक्त एकदा आहे, तोही 'आई रडते' एवढाच. चार महिने अण्णा फोनवर येत नाहीत, मग घरची खबर तुम्हाला कोण सांगतं? तुमची खबर अण्णांना कोण देतं? जायच्या आधी तिला फोन करा. निरोप देण्यासाठी नको, तिचं स्वतःचं काय चाललंय ते विचारण्यासाठी करा. ती काय म्हणाली ते मला पुढच्या पत्रात कळवा.